टी, ए, डबल एन, ए, एच

ही गोष्ट सांगायची मी टाळत आलो. शाळेचे मेळावे झाले, माझा सत्कार झाला, आपल्या भागात इंटरनेटवरून इतिहास शिकवणारे पहिले शिक्षक असं माइकवरून कुणीतरी म्हणालं आणि मी शाल-नारळ घेऊन घरी आलो. प्रत्येक वेळी वाटायचं, आता बोलून टाकावं. तेवढ्यात कुणीतरी फोटोसाठी हाक मारायचं. हल्ली गुडघ्यांमुळे मेळाव्यांना जाणं सुटलंय, तेव्हा लिहून काढतो. मात्र एक आधीच सांगतो. यातला बराचसा भाग आनंदाचा आहे. माझी चूक मोठी आहे म्हणून तो आनंद मी कमी करून सांगणार नाही. आम्ही सगळे तेव्हा खरोखरच हरखून गेलो होतो आणि मला वाटतं, जे बिघडलं ते त्या हरखण्यातूनच बिघडलं.

आमची शाळा डोंबिवलीतली, मराठी माध्यमाची, दोन पाळ्यांत भरणारी. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथं लागलो तेव्हा इतिहास शिकवायला आम्ही दोघं होतो, मी आणि एक बाई. शाळेत सगळ्याच शिक्षिकांना बाई म्हणत, पण नुसतं 'बाई' म्हटलं की त्या, असं होतं. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, कल्याणच्या जुन्या वस्तीत वाढलेल्या, लग्न न केलेल्या. आवाज बारीक, तरी वर्ग गप्प बसायचा.

मी पुस्तकातून शिकवायचो. कारणे लिहा, परिणाम लिहा, थोडक्यात टिपा द्या. बाईंची तऱ्हा वेगळी. दिवाळीच्या सुट्टीत त्या आठवीच्या मुलांना एकच गृहपाठ द्यायच्या, एक नाव आणायचं. खाडीच्या वळणाचं, खाजणाचं म्हणजे भरतीला बुडणाऱ्या जमिनीचं, मिठागराचं, धक्क्याचं, कशाचंही चालेल, फक्त ते छापील नकाशात नसलं पाहिजे. आणि कुणी सांगितलं तेही विचारून यायचं. आमची बरीचशी मुलं कोकणातून नाहीतर घाटावरून आलेल्यांची, चाळीत किंवा बिल्डिंगीत राहणारी. त्यांना कुठली खाडीची नावं? मग ती वर्गातल्या कोळ्या-आगऱ्यांच्या मुलांचा हात धरून मोठागावला, कोपरला, दिव्याला जायची. तिथल्या आज्या आधी चहा पाजायच्या, तुमच्या बाईला आमच्या खाडीचं काय करायचंय म्हणून उलट तपासणी घ्यायच्या आणि मग सांगायच्या. म्हातारीचं वळण. घोड्याची मान. बोडकं खाजण.

ही नावं एका लांबलचक तक्त्यावर जात. मांजरपाटावर खळीने चिकटवलेला जाड कागद, वर-खाली बांबूच्या काठ्या. खळ बाई घरी शिजवून आणायच्या आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायच्या. त्या वासावरून इतिहासाची खोली डोळे मिटूनही सापडली असती. ठाण्यापासून कल्याणपर्यंतची खाडी त्या तक्त्यावर निळी वळत जायची आणि प्रत्येक नावाखाली मुंगीएवढ्या अक्षरात सांगणाऱ्याची नोंद असायची. आजी, मोठागाव. मामा, कळवा. खोलीत इतरही तक्ते होते, कल्याणचं बंदर, ठाण्याला आलेली पहिली आगगाडी, पण खाडीचा तक्ता एक सबंध भिंत व्यापून होता. दरवर्षी त्यात भर पडायची. बाई म्हणायच्या की मी निवृत्त झाले तरी हा इथं लागलेला राहिला पाहिजे आणि नावं वाढत गेली पाहिजेत. त्यांनी शाळेकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा स्टेशनजवळचा एक टायपिंग क्लास बंद पडला आणि त्याच जागेत, त्याच लाकडी पार्टिशनांच्या मध्ये सायबर कॅफे निघाला. मालकही तेच, टायपिंगवाले काका. 'बोटांकडे न बघता टाइप करा' ही पाटी भिंतीवर तशीच होती. मी पहिल्यांदा आत गेलो ते परदेशातल्या भाच्याला ईमेल करायला. ते काम लवकर आटपलं. काका म्हणाले, सर, तुमचा वेळ उरलाय, काही बघायचंय का? मी उगाच म्हटलं, पिरॅमिड. आणि ते आले. बाहेरून, आतून, कुठल्या दगडामागे कुठली खोली आहे त्याच्या आकृतीसकट. चाळिशी उलटलेला माणूस मी, खुर्चीवरून उठून उभा राहिलो. इतकी वर्षं मी मुलांना मोहेंजोदडोचं स्नानगृह हातवारे करून दाखवत होतो. पुस्तकातल्या चित्राची शाई अशी पसरलेली असायची की स्नानगृह आणि धान्याचं कोठार यांत फरक कळू नये. आणि इथं स्टेशनपासून चार पावलांवर सगळं जग येऊन बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी बाईंना सगळं सांगितलं. मी किती वेळ बोललो कोण जाणे, त्यांचा डबा तसाच राहिला. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"त्यात आपली खाडी आहे का?"

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही आठवीतली सहा मुलं घेऊन कॅफेत गेलो. काकांनी बाकडं दिलं. मी मोठ्या रुबाबात ठाण्याचं आज जे स्पेलिंग करतात ते टाइप केलं. पडद्यावर आले स्कॉटलंडमधले जुने सरदार. तिकडे त्या सरदारांच्या हुद्द्याचं स्पेलिंग नेमकं आपल्या ठाण्यासारखं आहे, हे मला काय माहीत! कुणी घागऱ्यात, कुणी ढाल-तलवार घेऊन. मुलं फिदीफिदी हसायला लागली. एक म्हणाला, सर, ठाण्याच्या कोर्टात असेच असतात का? मग कल्याण लिहिलं, तर कल्याण नावाची माणसंच माणसं आली, त्यांत एक दातांचा डॉक्टर होता. डोंबिवलीला तर यंत्राने उत्तरच दिलं नाही. कल्याणहून शाळेत येणाऱ्या एका मुलीने डोंबिवलीकरांकडे बघून एवढंच म्हटलं, आमचा निदान डॉक्टर तरी आहे.

मी खट्टू झालो होतो. बाई मागे उभ्या होत्या. त्या वाकल्या आणि म्हणाल्या, "अहो सर, हे ज्यांनी लिहून ठेवलंय त्यांना ठ म्हणता येत नव्हता. त्यांच्या कानाने लिहा."

म्हणजे कसं, ते मला कळेना. बाईंनी अक्षरं सांगितली. टी, ए, डबल एन, ए, एच. इंग्रजांच्या जुन्या कागदांत ठाणे असंच लिहिलेलं त्यांनी वाचनालयात बसून वाचलं होतं. मी टाइप केलं. आणि पडदा भरला. गव्हर्नरांचे अहवाल, एका मडमेचं प्रवासवर्णन, किल्ल्यातल्या तोफांची वर्णनं, आणि एका परदेशी ग्रंथालयाने ठेवलेलं खाडीचं जुनं रंगीत चित्र. आमच्या खाडीचं. आमचंच गाव होतं, फक्त चुकीचं लिहिल्याशिवाय सापडत नव्हतं.

त्या काळी चित्र एकदम येत नसे. वरून खाली, पट्टीपट्टीने उतरायचं. आधी आभाळ आलं, पिवळसर. मग बराच वेळ काही नाही. मग झाडांचे शेंडे. मुलं बाकड्यावर उभी राहिली होती. मी सहज विचारलं, खाली काय असेल? ताडाची झाडं, सर. नाही रे, माडाची, बघ ना कशी वाकलीयत. पुढची पट्टी आली, बुरुजाची कड दिसली. किल्ला! मग दोन-तीन बारीक उभ्या रेघा. एक म्हणाला, झेंडे. दुसरा म्हणाला, मिठागरातले खांब. तिसरी म्हणाली, डोलकाठ्या आहेत, खाली होड्या येणार. आणि नेमका तिथं फोन कट झाला. चित्र अर्ध्यावर थांबलं. काकांनी पुन्हा पुन्हा नंबर फिरवला, मोडेमने खरवडल्यासारखे सूर काढले, पण लाइन काही लागली नाही.

तो आठवडा मी कधीही विसरणार नाही. सबंध आठवीत दोन तट पडले, खांबवाले आणि होडीवाले. खांबवाल्यांनी मिठागरांची माहिती काढली. होडीवाल्यांनी एका आजोबांना शाळेच्या फाटकाशी आणून उभं केलं आणि भरतीला गलबत कुठवर येत असे ते वदवून घेतलं. पुस्तकातलं एक पानही न उघडता वर्ग इतिहास वाचत होता. पुढच्या शनिवारी सहाऐवजी अख्खा वर्गच कॅफेच्या दारात. काकांनी कपाळाला हात लावला, मग दोन्ही यंत्रांचे पडदे दाराकडे वळवले. आभाळ आलं, माड आले, बुरूज आला, रेघा आल्या आणि रेघांच्या खाली होड्या आल्या. होडीवाल्यांनी जो गलका केला त्याने बाजूच्या दुकानातला शिंपी बाहेर आला. मी मागे बघितलं. बाई टाळ्या वाजवत होत्या.

तेव्हापासून मी अर्ध्या चित्राचे तास घेऊ लागलो. एखादं चित्र कॅफेत छापून घ्यायचं, वर्गात त्यावर कागद धरायचा आणि थोडं थोडं खाली सरकवायचं. खाली काय असेल? का असेल? कशावरून? मुलं भांडायची, पुरावे आणायची. 'कारणे लिहा'चं उत्तर पाठ करणारी मुलं कारणं शोधायला लागली. ज्या तासाला बाकावर डोकं ठेवून झोपायचे त्या तासासाठी पोरं पी.टी. सोडून यायला लागली. कल्याणचं जुनं इंग्रजी स्पेलिंगही बाईंनीच काढून दिलं, सी-ए-डबल-एल ने सुरू होणारं. डोंबिवली मात्र काही केल्या सापडेना. डोंबिवलीची मुलं हिरमुसली. बाई त्यांना म्हणाल्या, नसेल तर आपण घालू.

हे त्या अगदी सहज बोलल्या. मी मात्र ते मनावर घेतलं. परदेशातल्या काही कंपन्या तेव्हा कुणालाही आपली पानं ठेवायला फुकट जागा देत. खाडीचा तक्ता त्या जागेवर चढवायचा, म्हणजे डोंबिवली जगात आली. योगायोग असा की त्याच सुमाराला एका माजी विद्यार्थ्याने शाळेला एक जुना संगणक भेट दिला. तो ठेवायला कुलूप आणि गज असलेली खोली हवी होती आणि तशी एकच होती. इतिहासाची.

मुख्याध्यापकांनी बाईंना सांगायचं काम माझ्यावर टाकलं. मी त्यांना खोलीतच गाठलं. त्यांनी तक्त्याची खालची काठी सरळ केली. मग म्हणाल्या, "खोली घ्या. पण हा कुठंतरी लागलेला पाहिजे. मुलांनी केलाय."

मी म्हणालो, "बाई, भिंतीवर कशाला, आता तो जगात लागेल. आणि एकदा तिथं गेला की कायमचा. कसर नाही, वाळवी नाही, ओल नाही."

माझा त्यावर पूर्ण विश्वास होता. तेव्हा सगळ्यांचाच होता. कागद फाटतो, कापड कुजतं, इंटरनेटवर गेलेलं राहतं, अशी आमची समजूत. बाईंनी हसून मान हलवली आणि स्वतः स्टुलावर चढून काठ्या सोडवल्या.

लग्नांचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओवाल्याला आम्ही शाळेत बोलावलं. तक्ता मैदानात उन्हात पसरला, त्याने गच्चीवरून तुकड्यातुकड्याने फोटो काढले. ते प्रिंट लग्नपत्रिका छापणाऱ्याकडच्या स्कॅनरवर गेले, तिथून फ्लॉपीत, फ्लॉपीतून कॅफेत. पडद्यावर खाडी आली खरी, निळी आणि वळणदार, पण नावं वाचता येत नव्हती. चित्र मोठं ठेवावं तर जागा पुरेना. बाईंनी ते लगेच हेरलं. मग मुलांनी एकेक नाव इंग्रजी अक्षरांत खाली टाइप केलं, सांगणाऱ्याच्या नोंदीसकट. त्यावरून नव्याने वाद. खाजणचं स्पेलिंग काय? बाई म्हणाल्या, आता आपण लिहिणारे आहोत, आपल्या कानाने लिहा.

थोड्याच दिवसांत पानाला पहिलं पत्र आलं. मस्कतहून. आमचाच एक जुना विद्यार्थी, आठवीत असताना त्याने 'घोड्याची मान' आणलं होतं, आपल्या आजीला विचारून. आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याने लिहिलं होतं की ऑफिसात बसल्या बसल्या गावाचं नाव टाकून बघितलं आणि माझी आजी निघाली. बाईंनी ते मला दोनदा वाचायला लावलं. मग चष्मा काढून पदराने पुसत बसल्या. तो काही मळलेला नव्हता.

इथवर आनंदच आनंद आहे. पुढचं मी भराभर लिहिणार, कारण घडलंही भराभर.

तक्ते, फोटोंचे सगळे प्रिंट आणि निगेटिव्ह एकत्र गुंडाळून मी जिन्याखाली ठेवले होते. नवी जागा मिळाली की भिंतीवर लावायचे, असं ठरलं होतं. मार्चमध्ये बाई निवृत्त झाल्या आणि टिटवाळ्याला भाचीकडे राहायला गेल्या. जूनमध्ये शाळेला आणखी एक संगणक मिळाला. त्याचं टेबल आत घ्यायचं तर खोलीतली जुनी कपाटं जिन्याखाली सरकवावी लागणार होती. शाळेच्या संगणकाला इंटरनेट नव्हतं, म्हणून मी दहा-बारा मुलांना घेऊन कॅफेत निघालो होतो, रोममधली कुठलीशी भित्तिचित्रं दाखवायला, आणि डोक्यात तेच घोळत होतं. शिपाईमामांनी जिन्याजवळ अडवलं. म्हणाले, "सर, ही गुंडाळी ठेवायची का?"

मी चालता चालता म्हणालो, "घेऊन जा मामा, ते सगळं इंटरनेटवर आहे आता."

एवढंच. रागाने नव्हे, कंटाळ्याने नव्हे. उलट माझ्यासारखा खुशीत माणूस त्या दिवशी डोंबिवलीत दुसरा नसेल.

त्याच वर्षी मला संस्थेच्या कल्याणच्या शाखेत पर्यवेक्षक केलं. नवं काम, नवी वेळापत्रकं. स्टेशनजवळचा कॅफेही बंद झाला, काकांनी तिथं मोबाइलचं दुकान काढलं. खाडीच्या पानाकडे बघायला मला महिनोन् महिने सवड झाली नाही. दिवाळीच्या सुमाराला कल्याणच्या मुलांना दाखवावं म्हणून मी मोठ्या ऐटीत पत्ता टाइप केला. पांढरा पडदा आला आणि असं कुठलंही पान नाही अशी एक इंग्रजी ओळ. मी पुन्हा टाइप केला. मुलं खाली काय येणार म्हणून वाट बघत होती, अर्ध्या चित्राचा खेळ त्यांनाही मी शिकवला होता. खाली काहीच आलं नाही.

ईमेलची पेटी उघडली तर कंपनीचे इशारे पडून होते. ज्या पानांना बराच काळ मालकाचा हात लागत नाही ती काढून टाकली जातात, अशी त्यांची अट होती. ती अट मी मान्य केली होती, न वाचता. फ्लॉप्या काढल्या, त्यांना आतून बुरशी. मी तसाच जुन्या शाळेत गेलो, शिपाईमामांना गाठलं. मामांना आठवत होतं. कापड चांगलं होतं सर, मिसेसने भिजत घातलं, कागद आपोआप सुटून आला, तिने त्याची पायपुसणी शिवली. फोटो, निगेटिव्ह पोरांनी खेळायला घेतले. माझा चेहरा बघून ते घाबरले. म्हणाले, तुम्हीच नेऊ दिलंत ना सर. मी म्हटलं, हो मामा, मीच.

हेच मी तेव्हा मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन बोललो असतो तर पुढचं टळलं असतं. पण त्या वर्षी शाळेत प्रदर्शन होतं आणि खाडीचा तक्ता कुठे आहे याची शोधाशोध सुरू झाली. सभेला मलाही बोलावलं होतं. कार्यालयातले एक जण म्हणाले, बाईंनीच नेला असेल जाताना, खोली काढून घेतल्याचा राग होता त्यांना. कुणीतरी म्हणालं, शाळेची वस्तू अशी नेतात का? दोन-तीन माना हलल्या. माझ्यासमोर चहाचा कप होता. मी तो उचलला आणि प्यायलो. त्या दिवसापासून आमच्या शाळेत ती गोष्ट तशीच सांगितली जाते. बाई तक्ता घेऊन गेल्या.

बाईंना भेटायला मी टिटवाळ्याला गेलो तो सगळं सांगायचं ठरवून. नव्या बिल्डिंगीतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर, खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसायचे. बाई खुशीत होत्या. भाचीची मुलगी दर शनिवारी कल्याणला संगणकाच्या क्लासला जायची, बाई तिच्यासोबत गाडीने जायला लागल्या होत्या. पोरगी क्लासमध्ये असेपर्यंत त्या शेजारच्या सायबर कॅफेत बसत. माउस धरायला शिकले सर, म्हणाल्या, हात थरथरतो, पण येतं. मग पुढे सरकून म्हणाल्या, "आपल्या पानाचा पत्ता द्या लिहून. मला एकदा सगळी नावं ओळीने वाचायचीयत."

मी तोंड उघडलं. त्यांनी पेन पुढे केलं. मी पेन घेतलं आणि पत्ता लिहिला. लिहिताना त्यातलं एक अक्षर गाळलं. मुद्दाम गाळलं. पान दिसलं नाही तर त्यांना वाटावं की पत्ताच चुकलाय, म्हणून. तेवढाच वेळ मिळेल, तेवढ्यात मी धीर गोळा करीन, असा माझा हिशेब.

पण मी कुणाला चुकीचं स्पेलिंग देत होतो!

पुन्हा गेलो तेव्हा बाई नेहमीपेक्षा जास्त उत्साहात होत्या. पान लागत नव्हतं, पण त्यांनी हार मानली नव्हती. दर शनिवारी त्या एकेक अक्षर बदलून बघत होत्या. कधी एक एच घालून, कधी काढून, कधी एक एन, कधी दोन. कल्याणचा तो कॅफेवाला त्यांना ओळखायला लागला होता, आजी आल्या की आपणहून खुर्ची द्यायचा. "सर, आपणच शिकवलं ना मुलांना," त्या हसत म्हणाल्या, "गाव सापडत नसेल तर चुकीचं लिहून बघा. मजा येते हो. कधीतरी अचानक आभाळ येईल वरून."

भाची पोहे घेऊन आली. मी पोहे खाल्ले. म्हणालो, तिकडचं यंत्र बंद असेल बाई, असतं कधी कधी. त्यांनी मान हलवली. खाली उतरून मी फाटकाशी बराच वेळ थांबलो, पुन्हा वर जावं म्हणून. मग कल्याणच्या गाडीची वेळ झाली.

पुढचा पाऊस बाईंनी पाहिला नाही. भेटायला गेलो तेव्हा भाचीने सांगितलं की शेवटच्या शनिवारीसुद्धा त्या कल्याणला जाऊन आल्या होत्या. म्हणत होत्या, एखादंच अक्षर हुकतंय, सरांना विचारलं पाहिजे. भाचीने मला विचारलं, काय शोधत होत्या हो त्या? मी म्हणालो, शाळेचं काहीतरी. ठाण्यापर्यंतची खाडी मी हल्ली पुलावरून जाताना बघतो, आणि म्हातारीचं वळण कुठलं आणि बोडकं खाजण कुठलं, हे मला सांगता येत नाही. ती नावं सांगणाऱ्या आज्या गेल्या, आणणारी मुलं पांगली.

त्या तिसऱ्या मजल्यावर जे बोलायचं होतं ते मी मनात किती वेळा म्हटलंय. दरवेळी त्याची सुरुवात सारखीच असते. बाई, तुमचं एकही अक्षर चुकत नव्हतं. चुकीचा पत्ता मी दिला होता, आणि बरोबर पत्त्यावरही काही उरलेलं नव्हतं. तक्ता तुम्ही नेला नाहीत, तो माझ्या एका वाक्याने गेला, आणि तुमचं नाव घेतलं गेलं तेव्हा मी चहा पीत बसलो. तुम्ही एवढंच मागितलं होतं की तो कुठंतरी लागलेला असावा. मला तेवढंही जमलं नाही. बाई, मला क्षमा करा.